हत्ती हलवला तो हिवाळा

आज सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि पटकन वर ओढून घेतला. फरशी गार होती. बोरिवलीत आता थंडी म्हणजे चार-आठ दिवसांचं काम. कपाटातून शाल काढायची, आणि तिच्या घड्यांतला डांबरगोळ्यांचा वास जातो न जातो तोवर ती परत ठेवायची. तरी डिसेंबरात एखादी सकाळ अशी येतेच, की कान्हेरीच्या डोंगरावरचा वारा एवढ्या इमारतींमधून वाट काढत माझ्या गॅलरीत पोचतो. लोकांना अशा सकाळी चहा आठवतो, लहानपणच्या शेकोट्या आठवतात. मला एक हरलेला डाव आठवतो. इतकी वर्षं झाली, तरी थंडीचा पहिला स्पर्श आणि 'हरले' हा शब्द माझ्या अंगात एकाच जागी राहतात.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. बोरिवली तेव्हा गावच होतं. शाळेतून घरी येताना दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं लागत. त्यांतली वाळकी धसकटं चपलेत घुसत. सकाळी डोंगरातून बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरत, त्यांच्या तोंडातून वाफ निघत असे. बोरीची झाडं नुकती कुठे पिवळी दिसू लागलेली असत. आमचं घर भाड्याचं, कौलारू, दोन खोल्यांचं. आई मी शाळेत असतानाच गेली होती. ताई लग्न होऊन सांगलीला गेली. घरात माझे वडील अण्णा आणि मी. मी विशीतली, प्राथमिक शाळेत हंगामी शिक्षिका.

अण्णांनी उभी हयात एका कापडगिरणीच्या साचाखात्यात काढली. शेकडो माग एकदम खडखडतात अशा जागी माणसाचे कान किती टिकणार? त्यांचे आधी उजवा आणि मग डावा, असे हळूहळू गेले. पण त्या खात्यात सगळेच एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेत, ती विद्या त्यांना उरली होती. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंडावर उजेड घेऊन, सावकाश बोलावं लागे. असं किती बोलणार? 'जेवायला चला', 'दूध आलं', 'शाळेत जाते' एवढं होई. शाळेत कोण काय म्हणालं, मला कशाचं हसू आलं, कशाने रडू आलं, हे असं तोंड वाकडंतिकडं करत सांगण्याजोगं नसतं. सांगायला घेतलं तरी मध्येच त्यातला जीव जातो.

म्हणून आम्ही बुद्धिबळ खेळत असू. दिवेलागण झाली की अण्णा पट मांडत आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावत. मग तास-दीड तास आम्ही भरपूर बोलत असू. मी घाईत असले की त्यांना पहिल्या चार चालींतच कळे. ते उदास असले की त्यांचा वजीर घरातून बाहेरच पडत नसे. माझी एखादी चाल त्यांना फार आवडली, तर ते मागे रेलून म्हणत, "अस्सं?" बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे ते 'अस्सं' शेजारपाजारी सगळ्यांना ऐकू जाई. कुणी बक्षीस दिल्यासारखं मला ते वाटे.

त्या डिसेंबरात आमच्या वाचनालयाने स्पर्धा भरवली. नाव अण्णांनी दिलं, मला न विचारता. खेळणाऱ्यांत बाई मी एकटीच. पहिले दोन डाव मी जिंकले आणि गावात थोडी चर्चा झाली. तिसरा, म्हणजे उपान्त्य डाव, अंतोनकाकांशी होता. अंतोनकाका वझिरा गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातले. फोर्टातल्या बँकेत नोकरी करत, सोमवार ते शनिवार टाय लावून जात आणि रविवारी घरचं शेत बघत. दरवर्षी तेच जिंकत आले होते.

मी त्या दिवशी फार चांगली खेळले. हे मी आज म्हणू शकते, तेव्हा म्हणू शकले नसते. डाव अर्ध्यावर आला तेव्हा माझ्याकडे एक हत्ती जास्त होता, आणि मी राजाच्या बाजूचं एक प्यादं असं तडफेने पुढे घातलं, की बाकावर बसलेल्या लोकांत कुजबुज झाली. अंतोनकाकांनी कपाळ पुसलं. मला वाटलं, झालं. आता फक्त संपवायचं. मग त्यांचा उंट माझ्या हत्तीच्या अंगावर आला, मी हत्ती एका घराने बाजूला घेतला, आणि सोंगटीवरून बोट उचलताक्षणी मला दिसलं. त्यांचा घोडा आत उतरला. राजाला शह आणि वजिरावर मारा, एकाच वेळी. पुढे खेळण्यासारखं काही राहिलं नाही.

लोक वाईट नव्हते. कुणीतरी पाठीवर थोपटल्यासारखं म्हणालं, "मुलीच्या मानाने फारच छान खेळलीस हो." दुसरं म्हणालं, "बाईमाणसाला एवढं येतं हेच खूप." हरल्याचं दुःख एकदाच झालं असतं. त्या कौतुकाने ते पक्कं केलं. अंतोनकाका उठून काहीतरी बोलायला आले, पण मी त्यांच्याकडे न बघता चपला घातल्या.

बाहेर अंधारून आलं होतं. अण्णा मागच्या बाकावर बसून सगळा डाव बघत होते. आम्ही शेतातल्या वाटेने घरी निघालो. अंधारात ओठ दिसत नाहीत, त्यामुळे अंधारात अण्णांशी बोलता येत नाही, आणि तेही आपण होऊन बोलत नाहीत. हे मला जन्मापासून माहीत असल्यासारखं माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी त्यांची ती शांतता मला माझ्याविरुद्धचा निकाल वाटली. ते पुढे चालत होते आणि मी मागून त्यांच्या पाठीकडे बघत मनात म्हणत होते, बोला ना काहीतरी, रागवा तरी.

मग जे सुरू झालं ते कुणाला दिसलं नाही. पोळी लाटता लाटता मी थांबायची आणि परातीत मला पट दिसायचा. हत्ती इथे. घोडा तिथे. मूर्ख. समोर होता घोडा. आंधळी आहेस? शाळेत फळ्यावर बेरीज लिहिताना खडू थबकायचा. हत्ती का हलवलास? एक क्षण थांबली असतीस तर? माझ्या वर्गातली मुलं गणित चुकली की मी म्हणायची, "चुकलं तर चुकलं रे, पुसून टाक, पुन्हा कर." तीच मी स्वतःशी अशा भाषेत बोलत होते, की मुलांशी कुणी तसं बोललं असतं तर मी मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली असती. एवढं कळूनही आवाज थांबत नव्हता. उलट तो म्हणायचा, बघ, स्वतःची समजूत घालायला लागली. हरणाऱ्यांचं हे असंच असतं.

हळूहळू तो आवाज पटावरून उठून घरभर फिरू लागला. तू घाई करतेस. तू नेहमीच घाई करतेस. म्हणून तर नोकरी अजून हंगामी आहे. म्हणून तर तुला बघून गेलेल्या त्या गिरगावच्या मंडळींनी नकार कळवला. एका हत्तीच्या चालीत माझं सगळं आयुष्य मावलं होतं.

सांगायचं कुणाला? जिला सांगितलं असतं ती माझी मैत्रीण मालती लग्न होऊन नाशिकला गेली होती. आमच्याकडे भाजी घेऊन येणारी फिलूमाय मात्र एकदा दारात टोपली उतरवताना माझ्याकडे बघतच राहिली.

"काय गो बाय, तोंड असं काय झालंय तुझं? ताप हाय काय?"

"ताप नाही. खेळात हरले."

"कसला खेळ?"

"बुद्धिबळ."

फिलूमाय थोडा वेळ वाट बघत राहिली. तिला वाटलं असावं, मी अजून काहीतरी सांगेन. मग म्हणाली, "हा, मंग? खेळच ना तो?" आणि वालाच्या शेंगा मोजून माझ्या सुपात टाकू लागली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण ती गेल्यावर मी त्या शेंगा सोलत बसले, आणि इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान रडायला दहा माणसं बरोबर होती. आई गेली म्हणून रडणाऱ्याला लोक जवळ घेतात. हत्ती चुकीचा हलवला म्हणून रडणाऱ्याने कुठे जायचं?

अण्णांनी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंही, "मांडू?" मी डोकं दुखतंय असं कपाळाला हात लावून दाखवलं. मग त्यांनी विचारणं सोडलं. संध्याकाळी मी आत वह्या तपासत बसायची, ते ओटीवर बसायचे. नाताळ आला, गावठाणातल्या घरांवर कागदी चांदण्या लागल्या आणि उतरल्या. थंडी वाढली. आमच्या घरात कपबश्यांच्या आवाजाखेरीज आवाज नव्हता, आणि तोही अण्णांना ऐकू येत नव्हता.

जानेवारीतली एक संध्याकाळ. मी चुलीजवळ होते. बाहेरून सोंगट्यांचा आवाज आला. दाराआडून बघितलं तर अण्णांनी पट मांडला होता आणि एकटेच खेळत होते. पांढऱ्याची चाल करायचे, मग गुडघ्यावर हात ठेवून उठायचे, वळसा घालून माझ्या बाजूला यायचे आणि माझ्या चौरंगावर बसायचे. चौरंग ठेंगणा. त्यांचे गुडघे दुखत. बसल्या जागेवरून हात लांब करून काळी सोंगटी हलवता आली असती, पण नाही. तिथे बसून ते हनुवटी मुठीवर टेकवून विचार करत. हनुवटी मुठीवर मी टेकवते. त्यांची तशी सवय नाही. आणि माझ्या बाजूला ते जास्त वेळ बसत होते. स्वतःची चाल पटकन करत होते, माझी मात्र फार जपून.

असं चार-पाच वेळा उठबस झाल्यावर ते आपल्या जागी परतले, पटाकडे बघितलं, मागे रेलले आणि रिकाम्या चौरंगाला मोठ्याने म्हणाले, "अस्सं?"

मी तवा उतरवून ठेवला आणि बाहेर जाऊन बसले.

मला वाटलं होतं ते नवा डाव मांडतील. मीच सगळ्या सोंगट्या परत पहिल्या जागी लावल्या आणि दिव्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "तो डाव दाखवते."

पहिल्या चालीपासून लावत गेले. एकही चाल विसरले नव्हते, कशी विसरणार? महिनाभर दुसरं केलंच काय होतं? अण्णा त्यांच्या जागेवर अंतोनकाका होऊन बसले होते आणि मी सांगेन तशा त्यांच्या सोंगट्या हलवत होते. प्यादं तडफेने पुढे घातलं ती चाल आली. ती मी जरा जोरातच ठेवली. मग हत्तीची पाळी आली आणि माझा हात थांबला. खरंच पुढे जाईना. पाणी डोळ्यांत आलं, ते त्यांना दिसलं.

"मग?" ते म्हणाले.

मी हत्ती हलवला. घोडा उतरला. बघा, असं मी हातानेच म्हटलं. हा मूर्खपणा.

अण्णांनी घोडा उचलून घेतला. मग त्यांनी हत्ती परत मागे ठेवला. "हलवला नसतास तर?"

मी राजा सरकवून दाखवला. त्यांनी उंटाने हत्ती मारला, आणि दोन चालींत मी तशीही संपले. मी वजीर मध्ये घातला, तर तो घोडा दुसऱ्या बाजूने आला. मी आणखी एक सुचवलं, तेही टिकलं नाही. मी पटाकडे बघत बसले. महिनाभर रोज मी ती चाल बघत होते आणि एकदाही तिच्याऐवजी दुसरी करून बघितली नव्हती. नुसती स्वतःला झोडपत होते. बघत कुठे होते?

अण्णा एकेक चाल उलटी फिरवत मागे गेले. माझ्या त्या शूर प्याद्यापर्यंत. ते त्यांनी बोटाने परत जागेवर आणलं आणि घोडा हातात घेऊन मला दाखवलं. प्यादं जागेवर असतं, तर घोड्याला ते घर मिळालंच नसतं.

"हे," ते म्हणाले. "घोड्याला बसायला जागा तूच करून दिलीस. हत्ती बिचारा काय करणार?"

म्हणजे सगळा बाक कुजबुजला तेव्हा मी हरले होते. अंतोनकाकांनी कपाळ पुसलं, मला वाटलं झालं, तेव्हा. ज्या चालीचा मला अभिमान होता, जिची आठवण काढून मी मध्येमध्ये स्वतःला थोडी सूटही देत असे, ती चूक होती. आणि जिला मी उठता-बसता फाशी देत होते, तिचा काहीच अपराध नव्हता. मला हसू आलं. मग रडू आलं. अण्णांनी दिव्याची वात उगीचच वर-खाली केली. मग म्हणाले, "मीही चुकत असेन. अंतोनला विचारायला पाहिजे."

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी तिळाच्या वड्या घेऊन आम्ही अंतोनकाकांकडे गेलो. ते बनियनवर अंगणात पेंढा रचत होते. मला बघून हात झटकत आले.

"ये गो बाय. मला वाटलं, तू माझ्यावर रुसलीस."

"तुमच्यावर कशाला? स्वतःवर."

"तेच तर वाईट," ते म्हणाले. "माझ्यावर रुसली असतीस तर मी कुलकुलं घेऊन समजूत काढायला आलो असतो."

त्यांच्या बायकोने, कार्मेलबाईंनी, नाताळातली उरलेली गोड, तळलेली कुलकुलं बशीत घालून आणली. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हटलं, "फायनल तुम्हीच जिंकलात ना, काका?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं.

"हिला म्हायतच नाय," कार्मेलबाई म्हणाल्या. "अगो, हरला तो! कांदिवलीच्या एका कॉलेजातल्या पोराशी. दोन दिस धड जेवला नाय. माझ्याशी बोलला नाय. मी म्हटलं, मी काय केलं बाबा?"

अंतोनकाका मान खाली घालून पेंढ्याची काडी मोडत होते. "वाचनालयात पाय टाकला नाय तेव्हापासून," ते म्हणाले. "लोक बघतात ना."

मला लाज वाटली की काय झालं ते आज नीट सांगता येत नाही. आपल्याला कुणी बघू नये म्हणून मी मेन रोड सोडून शेताच्या बांधावरून शाळेत जात होते, आणि तिकडे गावठाणात हा चाळिशीचा, टाय लावणारा माणूस त्याच कारणासाठी वाचनालय टाळत होता. त्या दिवसांत आम्ही वाटेत भेटलो असतो तर दोघांनी एकमेकांना चुकवलं असतं.

अण्णांना यातलं काही कळलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं, "काका फायनलला हरले."

अण्णांनी अंतोनकाकांकडे बघितलं आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुठे?"

"कुठे म्हणजे? वाचनालयातच की, अण्णा," अंतोनकाका म्हणाले.

अण्णांनी ओठ वाचले आणि हात जोरजोरात हलवला. "तसं नव्हे! पटावर कुठे?"

अंतोनकाकांनी हातातली काडी टाकली. मग आत गेले आणि पट घेऊन आले.

त्या दुपारी पडवीत दोन हरलेले डाव मांडले गेले. माझ्या प्याद्याबद्दल अंतोनकाकांना अण्णांचं म्हणणं पटलं नाही. त्यांच्या मते प्यादं ठीक होतं, त्याच्या मागे उंट आणायला हवा होता. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरा ऐकून घेत नव्हता. अंतोनकाकांच्या डावात आम्हाला चूक सापडायला फार वेळ लागला, आणि सापडली ती नक्की तीच का, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. कार्मेलबाई दोनदा चहा देऊन गेल्या. निघताना अंतोनकाका म्हणाले, "पुढच्या रविवारी या." आणि आम्ही पुढे पुष्कळ रविवार गेलो.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत मी दुसऱ्याच फेरीत हरले. अण्णांना खोकला होता म्हणून ते घरी होते. मी त्यांच्यासमोर, दिव्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "हरले." त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाले, "कुठे?" एवढंच. कसं हरलीस नाही, का हरलीस नाही. त्या रात्री मी जेवले आणि झोपलेही. झोपेत डाव दिसला नाही असं नाही, पण दिसून गेला.

आवाज कायमचा गेला, असं मात्र नाही. लोकांना अशा आठवणींचा शेवट तसा आवडतो, पण तो खोटा ठरेल. पुढे मी एकदा जिंकलेही, कधीतरी नोकरीही कायम झाली. लग्न केलं नाही, करायचं राहून गेलं. अण्णा गेले, अंतोनकाका गेले. त्यांच्या शेताच्या जागी आता जी सोसायटी आहे तिचं नाव मला नीट घेता येत नाही. आयुष्यात मी पटाबाहेर बऱ्याच जागी हरले, आणि प्रत्येक वेळी लोकांनी विचारलं ते 'असं कसं झालं?' किंवा 'आता काय?' नाहीतर, चांगल्या मनाने, 'जाऊ दे ना.' कुठे, असं कुणी विचारलं नाही.

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या देशपांडेबाई खेळायला आल्या होत्या. त्यांनी मला हरवलं. दार लावून मी वळले आणि रिकाम्या घरात तो आवाज आला. अगदी तसाच, एवढ्या वर्षांत जराही म्हातारा न झालेला. मूर्ख, तो म्हणाला. घाई करतेस. नेहमीच करत आलीस.

"कुठे?" मी मोठ्याने विचारलं.

त्या आवाजाला ते कधीच माहीत नसतं. मी दिवा लावला, सोंगट्या पुन्हा पहिल्या जागी लावल्या, आणि आम्ही दोघं शोधायला बसलो.